शेकडा शंभर

आमच्या घरापासून शाळेपर्यंत जो किलोमीटरभराचा रस्ता आहे, त्यावर मोटार शिकवणाऱ्या तीन शाळा आहेत. त्यांच्या पाट्या मी कित्येक वर्षे येता-जाता वाचत आले. पाट्या वाचणे आणि त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करणे, हा मास्तरकीचा रोगच आहे. एका पाटीवर ‘महिलांसाठी महिला शिक्षीका’ असे लिहिले आहे. त्या बिचारीची दुसरी वेलांटी मी निदान दोन हजार वेळा तरी पहिली केली असेल! पण शेजारच्या पाटीवर नजर अडखळे, ती शुद्धलेखनामुळे नव्हे. तिच्यावर पिवळ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलेले आहे : ‘१०० टक्के लायसनची हमी.’ वीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला शंभर या आकड्याची एक वेगळीच धास्ती वाटत असते. ती का, ते ओघाने येईलच.

मी स्वतः नुसती मॅट्रिक. आजच्या भाषेत दहावी. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्यांच्या जोरावर पोरांच्या हाती रंग देण्याची नोकरी मिळवली. रात्री सगळी निजानीज झाल्यावर कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या दुसऱ्या कादंबरीची नायिका भर पावसात वरंध घाटातून एकटी मोटार हाकत जाते. ते प्रकरण वाचकांना फार आवडले. एका बाईंनी तर पत्र लिहून विचारले, “आपण किती वर्षे गाडी चालवता?” खरे सांगायचे तर क्लच कोणत्या पायाखाली असतो हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. घरात गाडी होती, ती हे चालवीत. मी शेजारी बसून डबा सांभाळी. संसारातली कामाची अशी वाटणी एकदा झाली, की ती मोडण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

ती मोडली गेल्या वर्षीच्या जुलैत.

ह्यांना काचबिंदू आहे. या दुखण्याची रीत मोठी कपटी असते. समोरचे स्वच्छ दिसते, पण कडेचे जग हळूहळू पुसले जाते आणि ते पुसले जात आहे हे माणसाला कळतही नाही. डॉक्टरांनी बजावले होते, “रात्री गाडी चालवायची नाही.” आणि रात्री दीड वाजता सासूबाईंना एकाएकी धाप लागली. अंथरुणात त्यांना बसवेना, निजवेना. मी मोबाइलवर रिक्षा शोधू लागले. रिक्षा काही मिळेना. एकशे आठला फोन करावा हे मला सुचायच्या आत ह्यांनी खुंटीवरची किल्ली उचलली होती. सासूबाईंना मागे निजवले, मी पुढे बसले आणि आम्ही सिंहगड रस्त्याला लागलो. पाऊस असा, की काचेवरचे पाते फिरून जाईपर्यंत पुन्हा पाण्याचा पडदा. मी सारखी सांगत होते, “डावीकडे घ्या. जरा उजवीकडे. पुढे उंचवटा आहे.” मी त्यांचे डोळे झाले होते. पण पाय त्यांचेच होते, आणि माझ्या तोंडून शब्द निघून त्यांच्या पायापर्यंत पोचायला जो क्षण लागतो, तोही रस्त्यावर फार मोठा असतो.

एका वळणावर डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला एक रखवालदार सायकल हातात धरून डावीकडून पुढे आला. मी किंचाळले. गाडी थांबली, पण थांबता थांबता सायकलच्या चाकाला तिचा धक्का बसला. सायकल पडली. माणूस वाचला. तो खिडकीपाशी आला, आत वाकून पाहिले आणि न रागावता म्हणाला, “साहेब, दिसत नाही का?”

ह्यांनी उत्तर दिले नाही. कारण त्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असेच होते.

सासूबाई तीन दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी ह्यांनी किल्ली आणून ठेवली आणि वर्तमानपत्रात तोंड घालून म्हणाले, “तू शीक.” छत्तीस गुणांपैकी कितीतरी गुण न जुळलेल्या आमच्या संसारात एवढा मोठा दानपत्राचा समारंभ दुसरा झाला नाही!

कच्चे लायसन मिळणे आता कठीण राहिलेले नाही. घरबसल्या संगणकावर परीक्षा देता येते, शेकडा साठ गुण पुरतात. मी पास झाले. ते सहा महिने चालते आणि पहिले तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसनच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे महिनाभरात शिकणे आले आणि त्यासाठी शाळा निवडणे आले. इतकी वर्षे आईबाप आमच्या शाळेत येऊन चौकशी करीत आणि मी फळ्याशेजारी उभी राहून त्यांच्याकडे पाही. आता पालकही मीच आणि पाल्यही मीच.

पहिल्यांदा अर्थातच शंभर टक्क्यांच्या दारात गेले. काचेच्या टेबलामागचे गृहस्थ मोठे अगत्यशील. “मॅडम, तुम्ही टेस्टची काळजीच सोडा. आपला माणूस शेजारी असतो, त्याच्या पायाशी ब्रेक असतो, क्लच असतो. तुम्ही फक्त स्टिअरिंग धरून बसायचं.”

“आणि लायसन कुणाच्या नावावर?” मी विचारले.

“तुमच्याच की!” ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्न कळला नाही, आणि मला तो समजावून सांगण्याचे धैर्य झाले नाही. शिकवणाऱ्याच्या पायाशी तो दुसरा ब्रेक कायद्याने ठेवलेला आहे, तो शिकणाऱ्याचा आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. त्याच ब्रेकने परीक्षाही वाचवता येते, हे मला नवीन होते.

दुसऱ्या शाळेत फी कमी होती. पंधरा दिवस, रोज वीस मिनिटे. गाडीत एका वेळी तिघे शिकणारे. एक चालवणार, दोघे मागे बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणार. मी मनात गुणाकार केला. पंधरा गुणिले वीस म्हणजे पाच तास. मी येताना नियम वाचून आले होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हलक्या गाडीचे शिक्षण निदान एकवीस दिवसांचे हवे आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे निदान दहा तास हवेत. मी तसे म्हणताच तिथले गृहस्थ हसले. “नियम पुस्तकात असतात मॅडम, ट्रॅफिक बाहेर असतो.” वाक्य चांगले होते, कादंबरीत वापरण्यासारखे होते, पण पाच तासांचे दहा तास काही त्याने होत नव्हते.

तिसरी शाळा म्हणजे एक अरुंद गाळा. पाटीवर टक्का नव्हता. आत तिशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस वहीत काहीतरी लिहीत होता. मागे भिंतीवर परवाना टांगलेला. मी मुद्द्यालाच हात घातला. “तुमच्याकडचे किती पास होतात?”

त्याने वहीची मागची पाने चाळली. “मागच्या महिन्यात अकरा जण बसले, मॅडम. सात पास, चार नापास. दोघे आठच्या आकड्यात गेले. एक जण भलताच घाबरला. आणि एक आजोबा चढावर. तो दोष माझा. आणखी आठवडाभर थांबवायला हवं होतं त्यांना, मी घाई केली.”

अकरांत सात. शेकडा चौसष्टसुद्धा भरत नाहीत. एवढ्या टक्क्यांवर आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मुख्याध्यापकांना बसू दिले नसते. मी त्याच दिवशी फी भरली.

दिवाळीत बोनस हाती येतो, पाडव्याला गाडी घरी आणण्याचे बेत पुष्कळ घरांत शिजत असतात. म्हणून मला कळलेले चार शब्द इथे सांगून ठेवते. शिकवणाऱ्या शाळेचा परवाना भिंतीवर आहे का ते पाहावे. गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे का ते वाकून पाहावे. दिवस किती, हे विचारू नये, तास किती, ते विचारावे. रोज एकच शिक्षक असेल की बदलेल, पावसात, अंधारात, चढावर नेतील की रिकाम्या मैदानावरच फिरवून आणतील, तेही विचारावे. १ जुलै २०२१ पासून सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची सोय केली आहे. तिथे हलक्या गाडीला चार आठवड्यांत एकोणतीस तास शिकवतात आणि तिथल्या परीक्षेत उतरलेल्याला परिवहन कार्यालयात पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. असे केंद्र जवळ असेल तर उत्तमच. पण सगळ्यांत मोठा प्रश्न एकच. तुमचे किती नापास होतात आणि का? ज्याला याचे उत्तर देता येते, त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलेले असते.

शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी गाडी इतके गचके खात चालली, की मागे ठेवलेली माझी छत्री पुढे आली. “क्लच एकदम सोडू नका मॅडम,” तो म्हणाला. “पाळण्यातलं पोर नुकतंच झोपलेलं असतं ना, तेव्हा तुम्ही पाळण्याच्या दोरीवरचा हात कसा काढता? तसा पाय काढा.” दोन पोरे वाढवलेल्या बाईला यापेक्षा जास्त काय सांगायला हवे! तिसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवते हे त्याला कळले आणि मी ‘मॅडम’ची ‘बाई’ झाले. मी त्याला ‘सर’ म्हणू लागले तर तो इतका लाजला, की त्याचे गाडीवरचे लक्ष उडाले. शेवटी मी ‘तुम्ही’वर थांबले.

एकदा तो म्हणाला, “बाई, बॉनेटकडे बघू नका. जिथं जायचं तिथं बघा, गाडी आपोआप तिथं जाते.” मला हसू आले. मुक्तहस्त चित्र शिकवताना मी पाचवीच्या पोरांना वीस वर्षे हेच सांगत आले आहे : पेन्सिलीच्या टोकाकडे पाहू नका, रेघ जिथे पोचायची तिथे पाहा. आपलेच वाक्य आपल्याला दुसऱ्याकडून ऐकावे लागते, तेव्हा ते किती अवघड होते ते कळते.

बाराव्या दिवशी आम्ही दांडेकर पुलाच्या सिग्नलला उभे होतो. बोलता बोलता मी सहज विचारले, “तुम्ही या धंद्यात कसे आलात?”

“गाडी तर लहानपणापासून येत होती,” तो म्हणाला. “पण शिकवायचं लायसन मिळायला दहावी पास लागते, बाई. नियमच आहे. ती माझ्याकडं नव्हती. चोविसाव्या वर्षी बसलो न् काढली. मी सतरा नंबरवाला.”

ज्यांच्या घरात मुले दहावीला आहेत त्यांना सतरा नंबर म्हणजे काय ते सांगायला नको. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याने भरायचा तो अर्ज. मुळात सोय चांगली आहे. कामावर जाणारी पोरे, लग्न होऊन गेलेल्या मुली यांना तिचा केवढा आधार असतो. पण शाळांनी तिचा दुसराच उपयोग शोधून काढला.

“आमच्या शाळेनं वडिलांना बोलावलं,” तो सांगत होता. “म्हणाले, हा काही पास व्हायचा नाही. दाखला घेऊन जा, सतरा नंबर भरा. सगळ्यांचा निकाल कशाला खराब करायचा? वडिलांना वाटलं, एवढे शिकलेले लोक सांगतायत. नऊ वर्षं मला कुठं बसावंसंच वाटलं नाही. बाई, हिरवा झाला.”

हिरवा दिवा लागला होता. मी पाय उचलला आणि गाडी बंद पडली. मागे भोंग्यांचा नुसता गदारोळ उडाला. त्याने शांतपणे म्हटले, “होतं असं. न्यूट्रल करा. पुन्हा चालू करा.” त्याला वाटले, मी गर्दीला घाबरले.

२०१२ साली आमच्या शाळेचा निकाल शेकडा शंभर लागला होता. फाटकावर फलक झळकला, पेढे वाटले गेले. त्याच्या आदल्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला बोलावून म्हटले होते, “बाई, तुमचं पालकांशी चांगलं जमतं. त्या मुलाच्या आईला तेवढं समजावून सांगा.” मुलगा मागच्या बाकावर बसे. गणितात कच्चा, पण रेघ सुरेख. बैलाचे वशिंड तो एका रेषेत काढी. मी त्याच्या घरी गेले. आई धुणीभांडी करून नुकती आली होती. तिने मला साखर जास्त घालून चहा दिला आणि म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणता म्हंजे पोराच्या भल्याचंच असंल.” मी मान हलवली. त्याने पुढे परीक्षा दिली की नाही, हे मी कधी विचारले नाही. ठाऊक नव्हते असे नाही म्हणवत. विचारले नाही, एवढेच खरे. आणि निकालाच्या दिवशीच्या पेढ्यांतला एक मीही खाल्ला होता.

तेव्हा शंभराची धास्ती ही अशी आहे. त्या आकड्यातली दोन शून्ये कुणाची, हे शाळेतल्या माणसाला माहीत असते. मोटारीच्या शाळेतले शंभर तर त्याहून भयंकर. आमच्या शंभरांतून एक पोरगा रस्त्यावर येतो. त्यांच्या शंभरांतून न शिकलेला माणूस गाडी घेऊन रस्त्यावर येतो. २०२२ साली या देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारच्या अहवालात आहे. त्यांतल्या किती धडकांमागे हमीचे लायसन होते, असा रकाना कुठल्या तक्त्यात असणार?

सप्टेंबरात परीक्षेला नाशिक फाट्याजवळच्या चाचणीपथावर गेले. आठच्या आकड्याची मला भीती नव्हती. तो मी फळ्यावर हजारदा काढलेला. तो सुरेख जमला. मग चढ आला. चढावर थांबून, गाडी मागे न जाऊ देता पुन्हा पुढे न्यायची. माझी गाडी मागे घरंगळली. नापास!

नापास झालेल्यांच्या बाकावर मी बसले होते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा शेजारी नखे खात होता. त्याने मला धीर दिला, “काकू, सात दिवसांनी परत देता येते.” कायदा तसाच आहे. तीनदा नापास झाले तर मात्र साठ दिवस थांबावे लागते. संध्याकाळी इंग्लंडातल्या भाच्याचा फोन आला. “मावशी, मनाला लावून घेऊ नकोस. मी इथं दोनदा नापास झालो.” तिकडे म्हणे कोणत्या केंद्रावर किती जण पास होतात त्याचे आकडे सरकारच छापते, आणि देशभराचा हिशेब शंभरांत पन्नासांच्या आतबाहेरच असतो. लहानसहान पंधरा चुका चालतात, पण गंभीर चूक एक झाली तरी घरी जायचे. आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. मास्तरांनी वहीत माझ्या नावापुढे लिहिले : ‘चढ. हाफ क्लच कमी पडला. आणखी चार तास.’ नापासाच्या शेऱ्यात इतकी माया असू शकते, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळले नव्हते.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावले. हे नवे, पण वाक्य जुनेच. दहावीतली एक मुलगी गणितात कच्ची होती. “बाई, तुमचं पालकांशी चांगलं जमतं...”

मी म्हटले, “सर, या वेळी मी जाणार नाही.” फार शूरपणाने म्हटले असे कुणी समजू नये. चढावरच्या गाडीसारखा आवाज थरथरत होता. पण मागे घरंगळला नाही, एवढेच. मुलगी शाळेत राहिली. शाळा सुटल्यावर आमच्या गणिताच्या बाई तिला तासभर घेऊन बसत. मॅट्रिकवालीला जेवढे येते तेवढे मीही शेजारी बसून गिरवी.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. मुलगी मात्र पहिल्या खेपेला गेली. मे महिन्यात निकाल लागला : एक्केचाळीस बसले, चाळीस पास. फाटकावरच्या फलकावर यंदा ९७.५६ असा आकडा आहे. अध्यक्ष चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुरवणी परीक्षेत ती गणितात उतरली आणि आईला घेऊन पेढे द्यायला आली. हा पेढा मी निवांत खाल्ला.

परवा सासूबाईंना दिवाळीची खरेदी करायची होती म्हणून तुळशीबागेत गेलो होतो. गाडी लांब उभी करावी लागली, म्हणून त्या वाटभर कुरकुरल्या. परतायला रात्र झाली. मागच्या सीटवर पणत्यांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी विचारले, “सूनबाई, तुला पहिल्या झटक्यात नव्हतं ना मिळालं लायसन?”

“नाही, आई. दुसऱ्यांदा मिळालं.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. हे शेजारी बसले होते. वाटेत ते वळण आले. तिथे आता मी नेहमीच गाडी हळू करते. डावीकडे एक माणूस सायकल हातात धरून उभा होता. तोच असेल किंवा नसेल. मी गाडी थांबवली. तो पलीकडे गेला आणि जाता जाता त्याने हात वर केला.

“कोण होतं?” ह्यांनी विचारले.

“रस्ता ओलांडत होता कुणीतरी,” मी म्हटले, आणि पाळण्याच्या दोरीवरून हात काढावा तसा क्लचवरचा पाय सोडला.